पाण्यावर तरंगणारी चिमूट

आमच्या कारखान्यात भस्म तयार झालं की नाही, याचा निकाल काशाची एक वाटी द्यायची. वाटीत स्थिर पाणी घ्यायचं, भस्माची चिमूट वरून हलकेच सोडायची. तरंगली तर पास, बुडली तर परत भट्टीत. त्याआधी दोन लहान परीक्षा असत. भस्म अंगठा आणि तर्जनीत घासलं की बोटांच्या रेषांत जाऊन बसलं पाहिजे, आणि अभ्रकाचं असेल तर उन्हात धरल्यावर त्यात एकही चमक दिसता कामा नये. पण शेवटचा शब्द वाटीचा.

कारखाना म्हणजे डोंबिवली पूर्वेला पत्र्याची एक लांब शेड, मागे अंगण, अंगणात विटांनी बांधलेला खड्डा आणि पुढच्या बाजूला माझी खोली. खोलीवर ‘प्रयोगशाळा’ अशी पाटी होती. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन तिथे लागले. मालक सत्तरी ओलांडलेले वैद्य होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. मी पहिल्याच आठवड्यात बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या, कपाटाच्या दारावर यादी चिकटवली आणि कुठली वस्तू कुठल्या फळीवर ते ठरवून टाकलं. काकांनी यादी वाचली आणि म्हणाले, “यात मी कुठल्या फळीवर आहे?” तेव्हापासून आमचं जमलं.

भस्माचं काम सोपं पण वेळखाऊ. अभ्रक दगडी खलात वनस्पतीच्या रसाबरोबर घोटायचा, त्याच्या चकत्या करून वाळवायच्या, मातीच्या दोन परळांत बंद करून वरून चिखलाचं कापड गुंडाळायचं. मग खड्ड्यात गोवऱ्या, मधोमध परळ, वर पुन्हा गोवऱ्या, आणि आग. दुसऱ्या दिवशी निवल्यावर काढायचं आणि हेच सगळं पहिल्यापासून. अशी कितीतरी पुटं दिल्यावर चकाकणाऱ्या पापुद्र्यांची विटकरी पूड व्हायची. ती मधातून किंवा तुपातून गुंजभर द्यायची, बहुतेक जुन्या खोकल्याच्या आणि धापेच्या रोग्यांना. औषधाचा गुण किती, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. माझं काम पूड किती बारीक झाली ते बघण्याचं.

गोवऱ्या आणायची ती मावशी. ठाकुर्लीजवळच्या गावातली, आगरी, ऐन पन्नाशीतली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. जमीन दिरांच्या नावावर, घर दिरांचं, तिच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा फक्त दोन गायी. त्या म्हाताऱ्या, दूध न देणाऱ्या. दीर म्हणायचे, विकून टाक, फुकट चारा खातात. ती म्हणायची, खातात त्याच्या गोवऱ्या होतात आणि गोवऱ्यांचं औषध होतं. काकांना गायीच्याच गोवऱ्या लागायच्या, त्यामुळे तिचं म्हणणं खरं होतं. आमचा कारखाना होता तोवर त्या गायी तिच्या दारात राहणार होत्या.

दर खेपेला हातगाडीवाल्याला अंगणात थांबवून ती माझ्या खिडकीशी यायची.

“काय गो बाय, आज तरी वाटी हसली का?”

वाटी हसली म्हणजे भस्म तरंगलं. हा शब्द तिचा. हळूहळू आम्ही सगळेच तो वापरू लागलो, काकासुद्धा.

जाताना ती खड्ड्यातली राख घेऊन जायची. जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून दोनदा चाळायची, इतकी की हातावर घेतली तरी वजन कळू नये. दिराच्या शेताच्या बांधावरची एक पट्टी तिच्या हातात होती. तिथे ती चवळी, वांगी आणि पडवळ लावायची. पानावर मावा पडला की सकाळी दव असताना ही राख पानांवर धुरळायची. मी विचारलं होतं, चाळायची कशाला, तशीच टाकली तर? ती म्हणाली, “जाडी राख पानावरशी घसरतं. बारीक असली म्हंजे चिकटतं.” मी तेव्हा मान डोलावली आणि पुढच्या कामाला लागले. आमच्या वाटीचाही हाच तर नियम होता, पण मला दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवायला बरीच वर्षं लागली.

अडचण धुराची झाली. आमच्या मागे भाताचं शेत होतं, तिथे चार मजल्यांची इमारत उभी राहिली. लोक राहायला आले आणि त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आमची काजळी बसू लागली. एक बाई तान्ह्या मुलाला कडेवर घेऊनच आल्या. भांडल्या नाहीत, नुसतं मुलाचं खोकणं ऐकवलं. काका त्या दिवशी जेवले नाहीत. खोकल्याचं औषध करताना शेजारचं मूल खोकतं, हे त्यांना सहन होईना. मग महापालिकेची नोटीसही आली. काकांनी विजेची भट्टी मागवली.

मावशीला ही बातमी मीच सांगितली. ती अंगणात ओट्यावर बसली होती.

“बिजलीवर व्हल काय औषध?” तिने विचारलं.

“बघायचं. वाटी काय म्हणते ते बघू.”

“आन हसली तर?”

ती उठली, पदर झटकला आणि म्हणाली, “माझ्या गायी बिजली खात नाय गो.”

विजेच्या भट्टीतली पहिली खेप लोहभस्माची. मी तापमान कागदावर ठरवून घेतलं होतं, चढवायचं कसं आणि उतरवायचं कसं तेही. रंग सुरेख आला. बोटांच्या रेषांत पूड बसली. काकांनी स्वतः वाटी भरली, चिमूट सोडली आणि ती सरळ तळाला गेली. दुसरी सोडली, तीही गेली. पुन्हा पुटं दिली, तरी तेच.

काकांनी वाटी पालथी केली. मग म्हणाले, “गोवरीचा अग्नी तो गोवरीचा अग्नी.” त्यांच्या आवाजात दुःख होतं आणि थोडं समाधानही. गोवरी चालणार नाही, वीज जमणार नाही, म्हणजे भस्माचं काम बंद करावं लागणार, हे मात्र त्यांना अजून जाणवलं नव्हतं.

मावशीला कुठून कळलं कोण जाणे. दुसऱ्याच दिवशी ती चवळीची जुडी घेऊन हजर.

“बुडली ना तुझी बिजली?” तिने जुडी माझ्या टेबलावर ठेवली. “घे. घरी ने. सुकट घालून कर.”

“मावशी, मी सुकट खात नाही.”

“म्हणूनच बुडली.”

शेडमधले सगळे हसले. मीही हसले, पण माझं समाधान झालं नव्हतं. बोटांच्या रेषांत जाणारी पूड पाण्यात दगडासारखी बुडते, हे मला पटेना. मी एकेक गोष्ट तपासायला घेतली. पाणी नेहमीच्याच विहिरीचं. चिमूट काकांच्याच हातची. मग कपाटातून गेल्या वर्षीची बाटली काढली. गोवरीवरचं अभ्रकभस्म, उत्तम तरंगलेलं, काकांची खूण असलेलं. त्याची चिमूट वाटीत सोडली. ती बुडाली.

मी वाटी उचलून नाकाशी नेली. तिला साबणाचा वास येत होता.

कारखान्यात भांडी नेहमी राखेनेच घासली जात. तसा कुणी नियम केला नव्हता, राख अंगणात होती म्हणून. विजेची भट्टी आली, खड्डा थंड पडला, राखेचा डबा रिकामा झाला. भांडी घासणाऱ्या माणसाने कोपऱ्यावरच्या दुकानातून साबणाची पावडर आणली. त्याची काही चूक नव्हती, वाटी पूर्वीपेक्षा चकचकीत दिसत होती. पण पाण्याच्या पाठीवर एक ताण असतो, आणि बारीक पूड त्या ताणावर उभी राहते. साबणाचा नुसता अंश उरला तरी तो ताण ढिला पडतो. मग पूड कितीही बारीक असो, ती खाली जाते.

मावशीच्या चवळीची जुडी टेबलाच्या कडेला होती. मी तिच्याकडे पाहिलं. मग शेजारच्या इमारतीतल्या स्वयंपाकघरांतून चुलीची चिमूटभर राख मिळते का ते बघून आले. तिथे सगळीकडे गॅस होता. शेवटी बाजारात शेगडीवर कणसं भाजणाऱ्या बाईकडून कागदात बांधून राख आणली, वाटी घासली, चार पाण्यांनी धुतली आणि काकांना हाक मारली. जुनं भस्म तरंगलं. विजेचंही तरंगलं.

काका म्हणाले, “म्हणजे आपली वाटी खोटं बोलत होती.”

“वाटी नाही काका. साबण.”

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि लगेच, “त्या गोवऱ्यांच्या बाईचं काय?”

मला तेच विचारायचं होतं.

त्या संध्याकाळी मी ठाकुर्लीला गेले. मावशी गायींना पाणी दाखवत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. लांबण लावण्यात अर्थ नव्हता. तिने बादली खाली ठेवली.

“मंग आता गोवऱ्या नकोत?”

“लोहासाठी नकोत. अभ्रकाला पुटं फार लागतात आणि भट्टीचं तोंड लहान. ते काम काका बंद करायचं म्हणतात.”

“आन तू काय म्हणतंस?”

“मला अजून सुचलं नाही.”

“सुचल तवा ये,” ती म्हणाली आणि आतून माझ्यासाठी पाणी घेऊन आली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

पावसाळा सरेपर्यंत ती आली नाही. मग एका सकाळी माझ्या खिडकीशी उभी. हातात चवळीची फांदी, शेंड्यावर काळा मावा इतका की पान दिसेना.

“तुमच्या बिजलीचे भट्टीन राख नाय पडत?”

“नाही गं मावशी.”

“कसली भट्टी ती. जेवते आन उष्टंपण ठेवीत नाय.” मग फांदी खिडकीत ठेवून ती हळूच म्हणाली, “दीर गिऱ्हाईक घेऊन आलता. गायींचं. मी उद्या सांगते बोललंय.”

काका दारात उभे राहून ऐकत होते. मावशीने त्यांना पाहिलं आणि पदर सावरला. पण बोलायची थांबली नाही. ती बहुधा तेच बोलायला आली होती. “वैद्यबाबा, धूर तुमच्या शेजाऱ्याना नको ना? माझे गोठ्याचे मागं खाडीपतूर कोणी नाय. खड्डा तिथं खणा. गोवऱ्या हातगाडीवर घालाया नकोत, काय नको. तुमचे परळ तेवढे आणा.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आधीच कागद ओढून घेतला होता. परळ नेण्यासाठी पेट्या, पेट्यांत भुसा, विटा, खड्ड्यावर पत्रा, रात्री राखण कोणाची.

“राखण मी करन,” मावशी म्हणाली. “राख माझी.”

“राख तुझीच,” काका म्हणाले. “पण वाटी घासायला थोडी आम्हाला पाठव.”

“तुमाला दोनदा चाळून पाठवन.”

गिऱ्हाईकाला दुसऱ्या दिवशी तिने ‘नाही’ म्हणून सांगितलं. ती पद्धत पुढे बरीच वर्षं चालली: लोह डोंबिवलीत विजेवर, अभ्रक ठाकुर्लीला गोवरीवर. आठवड्यातून एकदा मी पेट्या घेऊन जायचे. गायी एकामागून एक म्हातारपणानेच गेल्या, तिच्याच दारात. त्यांच्या जागी तिने दुसऱ्या आणल्या. त्या दूध देणाऱ्या होत्या, म्हणून दीरही गप्प बसले.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा ठाण्यातल्या एका कॉलेजात व्याख्यान होतं. पडद्यावर सूक्ष्मदर्शकातली चित्रं दाखवत एक प्राध्यापक सांगत होते की पदार्थ केसाच्या जाडीपेक्षा हजारपट बारीक केला की तो वेगळाच वागू लागतो. अशा कणांतून पुढे औषध शरीरात नेमकं पोचवता येईल, पिकाच्या पानावर थोडक्यात फवारा चिकटवता येईल. त्यांनी ‘नॅनो’ हा शब्द वापरला, मी तो पहिल्यांदाच ऐकला. आमची पूड त्या मापात बसत होती की नाही, हे मोजायचं यंत्र आमच्याकडे कधीच नव्हतं. असतं तर मी सर्वांत आधी काय मोजलं असतं, तेही मला ठाऊक आहे. भस्म नव्हे, मावशीची दोनदा चाळलेली राख.

त्याच्या कितीतरी आधी, खड्ड्याचं पहिलं पूट ठाकुर्लीला उघडलं ती सकाळ थंडीची होती. मी परळ पेटीत भरत होते आणि मावशी राख लुगड्याच्या तुकड्यातून सुपात चाळत बसली होती. मी बरोबर वाटी नेली होती. तिने नव्या राखेने ती घासून दिली, मी पाणी भरलं, आधीच्या खेपेतली चिमूट सोडली. तरंगली.

“हसली,” मावशी म्हणाली. मग स्वतःच्या राखेची चिमूट घेऊन तिनेही वरून सोडली. ती क्षणभर वर राहिली आणि मग भिजून खाली जाऊ लागली.

“तुझी बुडली,” मी म्हटलं.

“मना कशाला पाण्यावर ठेवाची?” ती उठली, सूप काखेला मारलं. “मना पानावर पायजे.” आणि दव उडून जाण्याआधी चवळीकडे निघाली.