राजाभाऊंची प्लेऑफची दाढी

उम्म सलाल मोहम्मदमध्ये राहणाऱ्या राजाभाऊ खैरनारांना आइस हॉकीचं वेड आहे, हे कतारमध्ये त्यांच्या बायकोखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी ते लपवलं होतं असं नाही. कोणी विचारलं नव्हतं.

राजाभाऊ मूळचे नाशिकचे, गॅस प्लान्टमधले सुरक्षा अधिकारी. तरुणपणी कंपनीने त्यांना ट्रेनिंगसाठी एक हिवाळा कॅनडातल्या एडमंटनला पाठवलं होतं. तिथल्या घरमालकाने एका संध्याकाळी त्यांना मॅचला नेलं. बर्फावरून माणसं एवढ्या वेगाने एकमेकांच्या अंगावर जातात आणि मग काही झालंच नाही अशी उठून पळतात, हे पाहून सुरक्षा अधिकारी म्हणून त्यांना धक्का बसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढच्या मॅचचं तिकीट काढलं.

तेव्हापासून दर एप्रिलला त्यांचं कशात लक्ष लागत नसे. एप्रिलमध्ये प्लेऑफ सुरू होतात. सोळा संघ उरतात, दोघादोघांत जुंपते, आणि जो आधी चार सामने जिंकेल तो पुढे जातो. आपला संघ बाहेर पडेपर्यंत खेळाडू दाढी करत नाहीत. कट्टर चाहतेही करत नाहीत. राजाभाऊंना मात्र ते कधी जमलं नव्हतं. प्लान्टमध्ये विषारी वायूची भीती, आणि मास्क चेहऱ्यावर घट्ट बसायचा तर गाल गुळगुळीत हवेत. हा नियम पाळला जातो की नाही, ते बघणं हेच त्यांचं काम होतं. खुंट दिसले की ते माणसाला गेटवरूनच परत पाठवत.

गेल्या वर्षी त्यांची बदली लुसैलच्या ऑफिसात झाली. तिथे सगळ्यात धोकादायक वस्तू म्हणजे कॉफी मशीन. यंदा एडमंटन प्लेऑफमध्ये पोचलं आणि राजाभाऊंनी दाढी करणं थांबवलं.

“अहो, बरं नाही का?” नीताने विचारलं.

“बरा आहे. प्लेऑफ आहेत.”

“कधी संपणार?”

“जिंकत राहिले तर जूनमध्ये.”

“मग मी देवाकडे काय मागू?”

“असलं काही बोलू नकोस,” राजाभाऊ म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांनी इंटरनेट तपासलं. ते बंद पडलं तर म्हणून मोबाइलचं हॉटस्पॉट चालवून पाहिलं. तेही बंद पडलं तर म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड आणलं. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची पहाट. फजरची अजान झाली तेव्हा ते नारिंगी जर्सी घालून लॅपटॉपसमोर बसले होते. खेळ बर्फावरचा, म्हणून एसी सोळावर होता. नीता शाल पांघरून चहा देऊन गेली.

एडमंटनचा पहिला गोल झाला तेव्हा राजाभाऊ ताडकन उठले, दोन्ही हात वर केले आणि शेजारी झोपलेत म्हणून आवाज न काढता ओरडले. एडमंटनने तो सामना जिंकला. ऑफिसात सांगायला कोणी नव्हतं. लिफ्टमध्ये एका अनोळखी माणसाला त्यांनी इतक्या जोरात ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, की तो पुढच्याच मजल्यावर उतरला.

चार दिवसांनी शेजारचे स्वानंद आणि मधुरा पिठलं-भाताचा डबा घेऊन आले. दोघांचेही चेहरे उतरलेले होते.

“नाशिकला कोणी...?” स्वानंदने हळू विचारलं.

“कोणी नाही,” राजाभाऊ म्हणाले. “प्लेऑफ.”

“अरेरे,” मधुरा म्हणाली.

गैरसमज दूर व्हायला बराच वेळ लागला. पिठलं चांगलं झालं होतं, ते चौघांनी बसून संपवलं.

पुढच्या आठवड्यात प्लान्टमध्ये एक पाहणी निघाली आणि राजाभाऊंना बोलावणं आलं. तोवर दोन्ही संघांनी दोन-दोन सामने जिंकले होते. गेटवर दानियाल होता. कराचीचा हा तरुण अधिकारी राजाभाऊंच्याच हाताखाली तयार झालेला.

“सर, दाढ़ी,” दानियाल म्हणाला.

“दो घंटे का काम है.”

“आप ही ने सिखाया था, सर. गैस घड़ी नहीं देखती.”

आपण माणूस चांगला घडवला, याचा राजाभाऊंना अभिमान वाटला. त्याच वेळी त्याच्या कानाखाली एक द्यावीशीही वाटली. मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं: एडमंटन, प्लेऑफ, दोन-दोन बरोबरी. आयुष्यात पहिल्यांदाच ते हे कोणाला इतकं सविस्तर सांगत होते. दानियालने मध्ये न बोलता ऐकून घेतलं आणि ड्रॉवरमधून नवा रेझर काढून दिला.

राजाभाऊंनी गेटवरच्या बाथरूममध्ये दाढी केली आणि पाहणी पूर्ण केली.

दाढीचा आणि निकालाचा काही संबंध नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. अपघातांच्या चौकशीत असली कारणं त्यांनी आयुष्यभर खोडून काढली होती. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे ते गालावर हात ठेवूनच बसले. एडमंटन एका गोलने हरलं. लॅपटॉप मिटताहेत तोच फोन वाजला.

“सर, वो आख़िरी गोल तो पैर से लगा था,” दानियाल चिडून म्हणाला. “अलाउड कैसे किया?”

“तुमने देखा?”

“पूरा देखा, सर.”

राजाभाऊ फोन घेऊन बाल्कनीत गेले. पक, म्हणजे खेळातली ती रबरी चकती, मुद्दाम लाथेने ढकलला आणि तो बुटाला लागून आपोआप आत गेला, यांत काय फरक ते समजावू लागले. नीताने आतून दोनदा “अहो, ऑफिस!” म्हटलं. त्यांनी हातानेच थांब म्हणून सांगितलं. त्यांचा चेहरा हरलेल्या माणसासारखा दिसत नव्हता.

“परवा पहाटे दानियाल येतोय,” आत आल्यावर ते म्हणाले. “नाश्त्याला थालीपीठ कर.”

“आणि हरले तर?”

“तरी भूक लागेलच.”

त्या पहाटे एडमंटन पुन्हा हरलं आणि प्लेऑफमधून बाहेर पडलं. दानियालने तीन थालीपिठं खाल्ली आणि पुढचा मोसम कधी सुरू होतो ते विचारलं.