नववा अध्याय

हेंद्रेपाड्यातल्या त्या सोसायटीत चातुर्मासाची पोथी कुमुदिनीकाकूंनीच वाचायची, हे एकतीस वर्षं ठरलेलं. दुपारी चार वाजता, तळमजल्याच्या हॉलमध्ये. गुडघ्यांनी दगा दिला, दात गेले, सुनेने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं; पण चौरंगापुढची ती जागा तेवढी देवाने ठेवली, असं काकू म्हणायच्या.

वाचायचं वेड लहानपणापासूनचं. शेंगदाण्याच्या पुडीचा कागदही त्यांनी वाचल्याशिवाय कधी टाकला नाही. आता घरात चार चष्मे होते आणि एकातूनही धड दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू काढू, तर काकूंनी सांगितलं, चातुर्मास संपू दे, पोथीत खंड नको. बहुतेक ओव्या पाठच होत्या. बोट अक्षरांवरून फिरायचं आणि ओळ आतून यायची.

"माझं नि तुझ्या ऐकणाऱ्या बायकांचं सारखंच," त्यांचे यजमान अण्णा म्हणायचे. "मी पुस्तकाच्या पहिल्या पानावर झोपतो, त्या पहिल्या ओवीवर."

त्या बुधवारी प्रसाद वाटून झाला, बायका पांगल्या. जिना झाडणारी कौसाबाई तेवढी उंबऱ्याशी रेंगाळली. बारवी धरणाकडच्या पाड्यावरची बाई, अक्षरओळख नाही, पण रोज टेकून ऐकायची.

"आजी, राग नको मानू," ती म्हणाली. "तीन दिस झाले, राजा नवसच बोलतोय. पोर कदी व्हनार त्याला?"

काकू आधी हसल्या. मग खिडकीशी जाऊन त्यांनी पोथी उघडली. खुणेचा लाल दोरा नवव्या अध्यायात होता. दोरा रोज त्या स्वतःच ठेवत होत्या. सोमवारी नववा. मंगळवारी नववा. आज नववा.

त्या तशाच वरच्या मजल्यावरच्या वैदेहीकडे गेल्या. तिने आधी चहाचं विचारलं. मग म्हणाली, "काकू, आम्हाला कालच कळलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सगळ्यांनी ठरवलं, बोलायचं नाही."

सगळ्यांनी ठरवलं. म्हणजे त्या कुठेतरी जमल्या, आपल्याविषयी बोलल्या, आणि आज पुन्हा हात जोडून समोर बसल्या. काकूंना वाटलं, कुणी तोंडावर ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

दिवेलागणीला त्यांनी अण्णांना सांगितलं, डोळ्यांमुळे झालं हो. अण्णा लगेच म्हणाले, डोळ्यांमुळेच. मग त्यांनी चारही चष्मे पुसून ठेवले. डोळ्यांनी शब्द चुकला असता. काल काय वाचलं ते आठवायला डोळे कुठे लागतात?

दुसऱ्या दिवशी काकूंनी स्वतःच पोथी वैदेहीपुढे ठेवली आणि कौसाबाईशेजारी जाऊन टेकल्या. कुणीतरी म्हणेल, असं कसं काकू, तुम्हीच वाचा. थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली. एकीने पाठीला उशी आणून दिली, एवढंच.

वैदेहीने दहावा अध्याय सुरू केला. दुसऱ्याच ओवीत एका शब्दाला अडखळली आणि सवयीने सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या. काकूंनी ओठ उघडले. शब्द आला नाही. पुढची ओळही आली नाही. आत नुसतं कोरं होतं.

त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. देवात मन लागलंय, असं तरी बायकांना वाटावं म्हणून.