पान उलटा, साहेब

आमच्या यांना बेंगळूरच्या कारखान्याने वर्षभर शिकायला जर्मनीला पाठवलं, त्याच सुमारास नाचणीवरच्या करपा रोगावरचा माझा निबंध व्हिएन्नाच्या परिषदेत घेतला गेला. बेंगळूरजवळच्या के. आर. पुरमच्या शेतांतून तीन वर्षं चिखल तुडवून केलेलं काम ते. सासूबाई म्हणाल्या, "नाचणीसाठी एवढ्या लांब?" म्हटलं, हो, नाचणीसाठीच.

मी यांच्याकडे पोचले आणि आम्ही दोघांनी पासाउहून डॅन्यूबची बोट धरली. सरहद्दीवर एक ऑस्ट्रियन अधिकारी कागद बघायला चढला. पासपोर्टवर माझं सासरचं नाव. तिकीट, परिषदेचं पत्र आणि निबंध मात्र पदवीवरच्या, म्हणजे माहेरच्या नावाने. नुसतं आडनाव नव्हे, अख्खं नावच वेगळं! लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितात, हे त्या बाप्याला कसं पटावं? त्याला वाटलं, मी दुसऱ्याच बाईच्या जागी निघालेय. म्हणाला, उतरा. म्हणजे उलटपावली जर्मनीत, आणि निबंध बुडाला.

मग त्याने यांना विचारलं, "लग्नाआधी हिचं नाव काय होतं?"

अय्यो, नऊ वर्षांचा संसार, आणि हा माणूस आठवत बसलाय!

"अगं, पत्रिकेत होतं ना ते…" आणि वर पुटपुटले, "जाऊ दे, पुन्हा कधीतरी येऊ."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. चारचौघांत यांना असं बोलायची ती पहिलीच वेळ.

निबंध मी अधिकाऱ्याच्या हातात कोंबला. "वाचत राहा," म्हटलं, आणि पहिल्या ओळीपासून इंग्रजीत घडाघडा म्हणायला लागले. कुठल्या शेतात किती कणसं काळी पडली, सगळं पाठ होतं. तो थांबवायला लागला की मी म्हणे, "पान उलटा, साहेब." मागची रांग हसायला लागली. सातव्या पानावर त्याने हात टेकले आणि शिक्का मारला.

मी बोटीच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिले. तासाभराने हे तिथे आले. माझ्या हातातलं तिकीट घेऊन नाव वाचलं, आणि चाचरत मला त्या नावाने हाक मारली. वडील गेल्यापासून तसं मला कोणी बोलावलं नव्हतं. ओ द्यायचीच नाही, असं ठरवलं होतं मी. पण तोंडून गेलीच, आणि मग रडू काही आवरेना.