नेत्रतपासणी शिबिर आणि दामले काकांचा लेख

दामले काका माझ्या स्क्रीनकडे बघत उभे होते आणि मला घाम फुटला होता. त्यांच्या लेखाच्या आधी नेत्रतपासणी शिबिर होतं आणि लेख संपला की ब्लँकेटवाटप.

नोएडातली आमची प्रेस नवी होती. आजूबाजूला सेक्टर उगवत होते, काम वाढत होतं. मी आठवीत शाळा सोडलेली, नवऱ्याच्या पोस्टिंगमुळे साताऱ्याहून दिल्ली कँटोन्मेंटला आलेली. मालक खन्नासाहेबांनी मला मराठी टायपिंगला ठेवलं, कॉम्प्युटर शिकवला. ते उपकार मी विसरले नाही. त्यांनीही विसरू दिले नाहीत.

एका मराठी मंडळाचा सुवर्णमहोत्सवी ग्रंथ आमच्याकडे आला होता. दिल्लीतल्या मराठी लेखनाचा इतिहास, निवडक साहित्य, आणि मागे मंडळाचं सेवाकार्य. दामले काका लहानपणापासून बहिरे. छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात आयुष्य गेलं. तरुणपणी त्यांनी स्वतःच्या बहिरेपणावर लेख लिहिला. प्रस्तावनेतच म्हटलं होतं की दिल्लीत बहिऱ्या माणसानं मराठीत लिहिलेलं याहून जुनं काही सापडत नाही. एवढा मान देऊन मंडळानं लेख टाकला ‘सेवाकार्य’ विभागात. मथळा दिला, ‘निःशब्दांचे विश्व’. खाली काकांचे दहा पानं भरून शब्द.

काकांनी खिशातून कागद काढून लिहिलं, ‘मी लेखक की शिबिर?’

मी लिहिलं, ‘प्रधान साहेबांना विचारा.’ प्रधान साहेब म्हणजे मंडळाचे सेक्रेटरी. ते केबिनमध्ये खन्नासाहेबांबरोबर चहा पीत होते. ब्रोमाइड दुपारी काढायचे होते. ब्रोमाइड म्हणजे पानाची चकचकीत फोटोप्रत. त्यावरून निगेटिव्ह, मग प्लेट, मग छपाई. ते निघाल्यावर पान हलवायचं म्हणजे सगळं पुन्हा, आणि खन्नासाहेबांसमोर मी उभी.

प्रधान बाहेर आले. मला म्हणाले, "अहो बाई, हे सभेत ठरलंय. सर्वानुमते. मी स्वतः विभाग वाचून दाखवले. दामलेही होते. कुणाची हरकत आहे का, असं दोनदा विचारलं. ते काही बोलले नाहीत."

मी ते जसंच्या तसं लिहून काकांना दिलं. त्यांनी वाचलं, प्रधानांकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. मग त्यांना हसू आवरेना. प्रधानांना वाटलं, विषय मिटला. त्यांनी काकांच्या कानाशी वाकून, मोठ्यानं, शब्द तोडून तोडून सांगितलं की सेवाकार्य विभाग आर्टपेपरवर आहे, रंगीत फोटोंसह. उपयोग होईना तेव्हा दुसऱ्या कानात सांगितलं.

काकांचं हसणं थांबलं. त्यांनी लिहिलं, ‘लेख परत द्या.’

आता प्रधानांना घाम फुटला. ग्रंथाच्या प्रकाशनाला मंत्री येणार होते ते याच लेखासाठी काकांचा सत्कार करायला. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

खन्नासाहेब म्हणाले, "भाभीजी, पन्ना इधर से उधर कर दो ना. क्या फ़र्क पड़ता है?"

फरक एवढाच, की पुढचे सगळे पानक्रमांक आणि अनुक्रमणिका बदलणार होती. शिवाय साहित्य विभाग काळानुसार लावलेला. काकांचा लेख तिथं नेला की तो प्रधान साहेबांच्या कवितांच्या आधी येत होता, आणि विभागाची सुरुवात आतापर्यंत त्या कवितांनी होत होती. लेख सेवाकार्यात टाकायची प्रधानांची ओढ कुठून आली, ते मला तेव्हा कळलं.

प्रधान बराच वेळ चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "करा. पण माझ्या कवितांचा टाइप लहान करू नका."

काका माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि लेख साहित्याच्या पहिल्या पानावर लागेपर्यंत हलले नाहीत. ‘निःशब्दांचे विश्व’ त्यांनी स्वतः पेननं खोडलं आणि जुनं शीर्षक लिहिलं: ‘माझे ऐकणे’.

समारंभात काकांना शाल, श्रीफळ आणि भावगीतांच्या कॅसेटचा संच मिळाला. अभिनंदनाचा ठराव प्रधानांनी नेहमीसारखा माइकवर वाचला आणि कुणाची हरकत आहे का, म्हणून विचारलं. मी काकांच्या शेजारीच होते. लिहून दाखवलं. काकांनी हात वर केला.

ठराव एका मताच्या विरोधानं मंजूर झाला. तेव्हापासून गिऱ्हाईक ‘सगळ्यांना मान्य आहे’ म्हणालं, की मी प्रूफवर सगळ्यांच्या सह्या मागते.