इंजिन खाली आहे तोवर

सोपानभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते कमरेपासून खालीच. वरचा अर्धा माणूस आमच्या जीपच्या पोटात होता. इंजिन उतरवून टेबलावर ठेवलेलं, आणि त्या रिकाम्या जागेत भाऊ हाताने चाचपत होते. जिथे संशय येई तिथे खडूने फुली.

"भाऊ, गाडी कधी मिळेल?"

"अजून हात पोचतोय," आतून आवाज आला.

हे काय उत्तर झालं? कामशेतला पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज. लोणावळ्याचे बंगलेवाले हौसेच्या जुन्या गाड्या त्यांच्याकडे आणत आणि तारीख विचारून थकत. त्यांना थकायला वेळ होता. माझ्याकडे ग्रामसभेपर्यंतचे नऊ दिवस होते.

टाकव्याच्या वरच्या अंगाला ठाकरांची एक वाडी आहे. तिच्या झऱ्याला एका बंगलेवाल्याने तारेचं कुंपण घातलं. आजे-पणजे ज्या पाण्यावर जगले, त्या पाण्यावर 'खासगी मालमत्ता' अशी पाटी. कुंपण काढायचा ठराव ग्रामसभेत करून घ्यायचा, तर वाडीतली माणसं, म्हातारीकोतारी धरून, खाली आणायला हवीत. पिकअपवाले नाही म्हणाले. त्यांना बंगल्यांची कामं मिळतात. तो चढ चढणारी आमच्या संघटनेकडे एकच गाडी, एका निवृत्त मास्तरांनी दिलेली ही जुनी जीप, आणि तिचं इंजिन धूर ओकत होतं.

इंजिनाचं काम भाऊंनी चार दिवसांत केलं. मग फुल्यांची यादी निघाली. क्लच प्लेट, पाण्याचा पंप, इंजिनाखालचे रबर, मागची करपलेली वायर.

"आम्ही इंजिन सांगितलं होतं भाऊ, अख्खी गाडी नाही."

"इंजिन काय हवेत चालतं व्हय? हे समदं त्याच्या मागं दडल्यालं. आत्ता घटकाभराचं काम. इंजिन बसलं की ह्येच दोन दिवसांचं. खाली हाय तवर उरकून घ्यावं, पोरी."

मला वाटलं, काम वाढवायचा धंदा आहे. पण त्याच दिवशी एक बंगलेवाला आला. त्याच्याही गाडीचं इंजिन उतरलेलं होतं. आता एवढं केलंच आहे तर बंपरही चमकवून द्या, म्हणाला. भाऊंनी मान हलवली. "चमकवायचं कवाबी जमतं, सायेब. त्याला इंजिन उतरावं लागत न्हाई."

थांबून थांबून पाय दुखायला लागले, तेव्हा मी त्यांना आमचं पत्रक दिलं. एका बैठकीत लिहिलं होतं मी ते, आणि मला त्याचा अभिमान होता. भाऊंनी काळ्या बोटांनी कोपऱ्यात धरून शेवटपर्यंत वाचलं. "लय जोरात हाय. नुसता अ‍ॅक्सिलेटर. गिअर कुटं हाय ह्यात?"

मी चिडून बाहेर चहाला गेले.

सभेला दोन दिवस उरले आणि एक फुली शिल्लक होती. इंजिनाच्या मागच्या बाजूला, आतलं पाणी अडवणारं पत्र्याचं गोल झाकण. बाकीची झाकणं बदलली होती. हे मापाचं मिळेना, पुण्याहून येणार होतं.

"उद्या सकाळी येतंय. सांजच्याला इंजिन बसंल. परवा सकाळी गाडी घिऊन जा. सभा दुपारी हाय ना?"

होती दुपारीच. पण मला आदल्या दिवशी भोंगा लावून गावोगाव फिरायचं होतं. एका झाकणासाठी एक दिवस? बसवा आत्ताच, मी म्हणाले. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "बसवतो. पन जुनंच ऱ्हाईल."

भोंगा दणक्यात वाजला. सभेच्या दिवशी वाडीच्या अर्ध्या चढावर जीपखालून उकळतं पाणी भसाभस वाहिलं आणि गाडी जागीच उभी राहिली. मी धावत वाडीवर गेले. माणसं पायी निघाली. वाडीतली सगळ्यांत म्हातारी काळूमावशी गुडघे धरत उतरली. पोचलो तेव्हा पंचायतीचा शिपाई खुर्च्या उचलत होता. आमचा विषय 'संबंधित कोणी हजर नाही' म्हणून पुढे ढकलला होता. काळूमावशी पायरीवर बसली आणि म्हणाली, "आता परत चढायचं." एवढंच.

ट्रॅक्टरने जीप ओढून आणली. भाऊंनी इंजिन पुन्हा उतरवलं. झाकण आतून गंजून चाळण झालं होतं. ते मला बोलतील म्हणून मी तयारीत उभी होते. त्यांनी विचारलं, "वाडीतल्या किती जनांची नावं हायती मतदार यादीत?"

मला माहीत नव्हतं.

"यादीत नाव न्हाई त्याचा हात सभेत मोजत्यात व्हय?"

मी यादी काढली. वाडीतल्या निम्म्या माणसांची नावंच नव्हती. गाडी वेळेवर पोचली असती तरी आम्ही हरलो असतो, आणि वाडीवर दहा वेळा जाऊन मी फक्त सह्या घेतल्या होत्या. पुढचे महिने मी अर्ज भरत तिथेच काढले. नावाचा अर्ज भरताना दाखल्याचा, दाखल्याबरोबर रेशनचा.

पुढच्या सभेत हात मोजले गेले. ठराव झाला. धावत गॅरेजवर जाऊन सांगितलं, तर भाऊ म्हणाले, "बरं झालं. तार निघाली का?"

तार निघाली नाही. भाऊ गेल्या पावसाळ्यात गेले, कुंपण अजून उभं आहे, आणि ठरावाची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरवली जाते. मी तिच्या मागे लागले आहे. एका कागदासाठी तहसील कचेरीत गेले की खिडकी सोडत नाही. आणखी काय काय लागेल ते आत्ताच सांगा, म्हणते. कारकून वैतागतो. वैतागू दे.