मासा पळवण्याची गोष्ट

विदादचे वडील स्फाक्सहून ट्युनिसला जाणारी प्रवासी गाडी चालवायचे. लहानपणी सुट्टीत ती त्यांच्याबरोबर जायची. खिडकीच्या जागेवरून भांडणाऱ्या प्रवाशांची समजूत काढायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. चित्रपट शिकायला ती आमच्या वर्गात आली, तेव्हा मी कॅमेरा निवडला, घस्सानने दिग्दर्शन. तिने काहीच मागितलं नाही. "जे कोणी करत नाही ते मी करते," म्हणाली.

शेवटच्या वर्षी आमच्या तिघांच्या गटाला एक छोटा चित्रपट करायचा होता. घस्सानने कथा लिहिली. आमच्याकडे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरा-नवरी ताटातल्या मोठ्या माशावरून उडी मारतात, घरात बरकत यावी म्हणून. घस्सानची नवरी ती उडी न मारताच घर सोडून निघून जाते. कथा वाचून दाखवताना त्याचेच डोळे भरून आले.

"छान आहे," बदाम घातलेल्या चहाचा घोट घेत विदाद म्हणाली. "पण पन्नास वऱ्हाडी, सजलेलं अंगण, ढोलवाले हे सगळं कुठून आणणार?"

"ते तू बघ," घस्सान म्हणाला.

तिने बघितलं. पुढच्याच आठवड्यात तिच्या मावसबहिणीचं, नायरूझचं लग्न होतं. वऱ्हाड, अंगण, ढोल सगळं आयतं. आम्ही तिघं परवानगी मागायला गेलो. नायरूझच्या हातांवर मेंदी ओली होती. कथा ऐकून ती तसेच हात वर धरून ओरडली, "माझ्या लग्नात नवरी पळून जाणार? विदाद, तू बहीण आहेस की वैरीण?"

"मग नवरा पळून जाऊ दे," घस्सान पटकन म्हणाला.

नायरूझची आई हातातला झाडू घेऊनच बाहेर आली. मी घस्सानला मागे ओढलं. विदाद मात्र शांतपणे पायरीवर बसली आणि म्हणाली, "मावशी, कुणीच पळणार नाही. मासा पळेल."

"मासा?" घस्सानचा चेहरा पडला.

"हो. ऐन वेळी मासा गायब होतो. सगळं वऱ्हाड शोधायला लागतं, आणि शोधता शोधता दोन्ही घरची माणसं पहिल्यांदा एकमेकांशी धड बोलतात."

कोपऱ्यात भाजी निवडत बसलेल्या शेल्बिया आजी म्हणजे नायरूझची आजी. त्यांनी मान वर केली. "चोरणार कोण?"

"ते अजून ठरलं नाही, आजी."

"ठरलं. मी चोरणार. या घरात माझ्यावर कुणी संशय घेणार नाही."

घस्सान दोन दिवस रुसला होता. विदाद रोज त्याच्या घरी जाऊन बसायची. त्याच्या आईशी गप्पा मारायची, कथेबद्दल अवाक्षर काढायची नाही. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "आजी मासा कुठे लपवतील?" मग आम्ही तिघांनी आणि आजींनी अंगणात बसून सगळं ठरवलं. कॅमेरा कुठे ठेवायचा, ढोल कधी थांबेल, आजी कोणत्या दाराने जातील. खरा विधी आधी नीट उरकायचा, चित्रीकरण नंतर दुसऱ्या माशावर, ही विदादची अट.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी खरी उडी झाली, टाळ्या झाल्या. विदादने वऱ्हाडाला सांगितलं की आता चित्रपट सुरू होतोय. पण नवऱ्याची आई तेव्हा गच्चीवर होती, तिला कुणी सांगितलंच नाही. ती खाली आली तेव्हा ताट रिकामं.

"मासा कुठाय?" ती कडाडली. "शुभाचा मासा गेला? हे नवरीकडचे लोक एक मासा सांभाळू शकत नाहीत!"

नायरूझची आई ताडकन उठली. मी कॅमेरा खाली ठेवणार, तोच विदादने माझा हात धरला. "चालू ठेव," कुजबुजत ती थेट नवऱ्याच्या आईकडे गेली. "काकू, तुम्ही नीट शोधाल. आमच्या मावशीला चष्म्याशिवाय काही दिसत नाही."

"मला दिसत नाही?" मावशी उसळली. तिने काकूंचा हात धरला आणि दोघी स्वयंपाकघरात घुसल्या. माठात, गाद्यांखाली, कोंबड्यांच्या खुराड्यात सगळीकडे शोधाशोध झाली. शेवटी शेल्बिया आजींच्या मोठ्या पांढऱ्या ओढणीखालून शेपूट बाहेर डोकावलं.

"काय म्हातारी आहे!" नवऱ्याची आई म्हणाली आणि खाली बसून पोट धरून हसायला लागली. मग विदादने तिला खरं काय ते सांगितलं आणि माफीही मागितली. "माफी कसली? मी दिसले ना नीट?" एवढंच तिने विचारलं.

चित्रपट आम्ही त्याच अंगणात चादर लावून दाखवला. आजींनी स्वतःचा प्रसंग पुन्हा पुन्हा लावायला लावला. घस्सान दिग्दर्शक म्हणून सगळ्यांचे नमस्कार घेत हिंडत होता. पण चित्रपटात विदादचं नाव त्यानेच सगळ्यात आधी घातलं होतं, तिला न विचारता. ते पडद्यावर आलं तेव्हा विदाद मागे खुर्च्यांवरून भांडणाऱ्या दोन काकांना जागा करून देत होती. मी हाक मारली तरी तिने वळून पाहिलं नाही.