उकंडरावांनी फंड नाकारला

नांदुऱ्याच्या स्टेशनात मी पार्सलबाबू होतो, तेव्हाची ही गोष्ट. शहाणपणाचा मक्ता त्या काळी माझ्याकडेच आहे अशी माझी समजूत होती. रुळांवर काम करणारे लोक सरकारी कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येत आणि मी वाचता वाचता फुकटचा सल्लाही देत असे. तो सल्ला धुडकावणारा एकच माणूस निघाला. तो आठवला की आजही माझी कानशिलं तापतात.

उकंडराव चाबीवाले होते. चाबीवाल्यानं खांद्यावर हातोडा टाकून रोज आपल्या हद्दीतले रूळ पायी तपासायचे, रूळ आवळून धरणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकून बसवायच्या. जाऊन-येऊन आठ मैल. ऊन असो, पाऊस असो, सुट्टी नाही. अंगानं नुसता काटकुळा माणूस, पण बोलायला लागला की फलाटाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. घरात बायको वच्छलाबाई. एकुलती मुलगी मलकापूरला दिलेली. मुलीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारी ती पिढी, त्यामुळे म्हातारपणी मुलीकडे राहण्याचा विषयच नव्हता.

उकंडरावांना कुणी नाव विचारलं की नुसतं नाव सांगून ते थांबत नसत. "माह्या आधी पाच गेले," असं म्हणून सुरुवात व्हायची. "सहावा मी. मायनं मले उकंड्यावर ठेवलं. शेजारच्या बुढीनं उचललं अन् पायलीभर कोंडा घेऊन मायलेच इकलं. म्हणून उकंडा. यम बी कचऱ्याले हात लावत नाही." आमच्या भागात अशी नावं घरोघर आहेत. पण ही कहाणी इतक्या फुशारकीनं सांगणारा दुसरा कुणी मी पाहिला नाही.

महाराष्ट्र झाला त्या सुमारास रामराव नावाचा विम्याचा एजंट स्टेशनात येऊ लागला. वच्छलाबाईंच्या मागे काहीतरी असावं म्हणून उकंडरावांनी विमा उतरवायचं ठरवलं. एजंटनं नाव विचारलं मात्र, झालं! पाच भावंडं सांगून झाली, मग पंचेचाळिशीत गेलेला बाप, पन्नाशीत गेलेला चुलता. दुसऱ्या कुणी हे सगळं गिळलं असतं. यांनी रामरावांना नीट लिहून घ्यायला लावलं. महिन्याभरानं उत्तर आलं की विमा देता येत नाही. वाचून दाखवलं मीच.

"म्हणजे मी मरून राह्यलो, असं म्हणते का हे?" उकंडराव भडकले. "बाबूजी, रोज आठ मैल चालतो मी! हे कागद लिहिणारा तरी चालते का?"

पुढच्याच वर्षी दुसरा कागद आला. निवृत्त होताना फंडाची रक्कम एकदम घ्या, नाहीतर फंड सोडा आणि जिवंत असेपर्यंत दर महिन्याला पेन्शन घ्या. एकदा सही केली की बदल नाही. त्या वेळच्या नियमानं माणूस गेला की पेन्शनही जवळपास संपलीच. मी हिशेब मांडून दाखवला. नऊ-दहा वर्षं जगलात तर बरोबरी होईल, त्याआधी गेलात तर बायकोच्या हाती धुपाटणं. "तुमच्या घराण्यात साठी कुणी पाहिली नाही," मी स्पष्टच म्हणालो, "फंड घ्या." मी स्वतःही फंडावरच सही केली होती.

वच्छलाबाईंचा धाकटा भाऊ शेषराव तर गावाहून मुद्दाम आला. त्याच्या वावराला लागून पाच एकर विकाऊ होते. "भाऊजी, फंड घ्या अन् वावर घ्या. मी वाहतो. पेन्शन तुमच्यासंगं जळून जाईन, वावर बाईले राहीन." माणूस लबाड नव्हता, हे मुद्दाम सांगतो. बहिणीला उपाशी ठेवणारा तो भाऊ नव्हता. आणि ज्याच्या नावावर वावर नाही त्याला पंगतीत कुणी विचारत नाही, हेही खरंच होतं.

उकंडरावांनी कागद बायकोपुढे सरकवला. "मी मेलो तं तुह्यंच नुकसान हाय. तूच सांग."

वच्छलाबाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. "वावर शेषरावाच्या हातात राहीन. तुमाले खोकला झाला तं दवाईले पैसे कोनाले मांगू? भावाले. भाऊ देईन. पण मले मांगा लागन ना! पेन्शन घ्या तुमी. अन् मरू नका."

"नाही मरत," उकंडराव म्हणाले. पेन्शनच्या रकान्यात सही झाली. मी कपाळावर हात मारला.

चौसष्ट साली नियम बदलला. ग्रॅच्युइटीतून दोन महिन्यांचा पगार सोडला तर नोकरदाराच्या मागे बायकोलाही थोडी पेन्शन मिळणार होती. या वेळी मी सल्ला द्यायच्या आत त्यांनी माझ्या हातातून पेन ओढून घेतलं आणि सही ठोकली.

सहासष्टमध्ये ते निवृत्त झाले. महिन्याला चाळीसच्या आसपास रुपये. त्यातले पाच वच्छलाबाई आधी पोस्टात टाकायच्या. त्या पासबुकाला त्या दवाईचं पुस्तक म्हणत आणि लुगडं फाटलं तरी त्याला हात लावत नसत. उकंडरावांचं चालणं सुटलं नाही. हद्द दुसऱ्याची झाली, तरी रुळाच्या कडेकडेनं चालत जाऊन नव्या चाबीवाल्याच्या चुका काढून यायचे. तो बिचारा वैतागायचा.

तीन वर्षांनी त्यांचं आतडं अडकलं. अकोल्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. मी सोबत होतो. डॉक्टरांनी नाव विचारलं, आणि एवढ्या कळा चालू असताना या माणसानं सुरुवात केली, "माह्या आधी पाच..." वच्छलाबाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "ते नका सांगू आता. हे बी नाही म्हनतीन!"

ऑपरेशन झालं. बाहेरून आणायची इंजेक्शनं, बाटल्या, सगळं दवाईच्या पुस्तकातून निघालं. शेषराव भेटायला आला आणि खाटेशी बसून हळहळला, "भाऊजी, तवाच वावर घेतलं असतं तं..." उकंडराव नळ्या लावलेल्या अंगानं गुरगुरले, "मी मेलो तं तू खरा ठरशील. तुले खरं करासाठी मरू का बे?"

ते उठले. साठी आधीच ओलांडली होती, आता पासष्टीही ओलांडली. मी मांडलेली दहा वर्षं पुरी झाली त्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन पेढा ठेवून गेले. मीही निवृत्त झालो होतो. माझा फंड तोवर थोरल्या मुलाच्या सरकीच्या धंद्यात गेला होता, आणि चष्म्याची काच बदलायची तरी मी सुनेच्या तोंडाकडे बघत होतो. तो पेढा मला गोड लागला असं मी म्हणणार नाही.

सत्त्याहत्तर साली उकंडराव झोपेतच गेले. घराण्यात इतकं कुणी जगलं नव्हतं. मला फार रडू आलं.

तेराव्याला शेषराव बैलांची दमणी जुंपून आला. जेवणं उरकल्यावर पाहुण्यांसमोरच म्हणाला, "बाई, चाल आता. एकट्या बाईमाणसानं इथं कसं राहाव? लोक मले काय म्हनतीन?"

"लोकायले सांग, बहीण पेन्शनवर हाय."

"माही भाकर जड झाली का तुले?"

वच्छलाबाई भावाकडे बघत राहिल्या. ओट्याची पायरी त्यानं पायानं चाचपत शोधली होती, हे माझ्याही लक्षात आलं होतं. "तुह्या डोयात मोतीबिंदू पिकला," त्या म्हणाल्या. "सोमवारी खामगावले चाल. मी संगं येईन. खर्च माहा."

शेषरावाचा चेहरा उतरला. "बहिणीच्या पैशानं डोये करू मी?"

"काऊन? मी तुह्या पैशानं जगाव हे चालते, अन् तू माह्या पैशानं पाहाव, हे चालत नाही?"

सोमवारी मी स्टँडवर होतो. भावाचा हात धरून त्या खामगावच्या गाडीत चढल्या आणि कंडक्टर आला तेव्हा दोन तिकिटांचे पैसे त्यांनी कमरेच्या पिशवीतून काढले.